नाव सुरीचे, भीती मनातली

विळी, सुरी, चाकू, अडकित्ता, कोयता, रामपुरी, गुप्ती. हे सात शब्द फळ्यावर लिहावेत आणि यांतील सर्वांत धोक्याची वस्तू कोणती, असे वर्गाला विचारावे. बहुतेक हात 'रामपुरी' किंवा 'गुप्ती' या शब्दांना वर होतील, असा आमचा अंदाज आहे. 'विळी'ला फारसे कोणी मत देणार नाही. पण वर्गातल्या किती मुलांनी रामपुरी प्रत्यक्ष पाहिलेला असतो? विळीचे पाते मात्र बहुतेकांनी जवळून पाहिलेले असते आणि काहींनी त्यावर बोटही कापून घेतलेले असते. म्हणजे जी वस्तू अनुभवाची आहे तिची भीती नाही, आणि जिचे फक्त नाव ऐकले आहे तिची आहे.

असे का होते? हत्याराच्या नावातून त्याच्या धोक्याविषयी आपल्याला खरोखर काही कळते का? हा प्रश्न फक्त भाषेचा नाही. गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या देशांनी सुऱ्यांच्या नावांवरून कायदे केले, माणसांना शिक्षा दिल्या, आणि कित्येकदा खरा धोका दुसरीकडेच राहिला. त्या इतिहासात थोडे फिरून येऊ आणि मग पाते, आकडे व मन यांच्याकडे विज्ञानाच्या नजरेने पाहू.

बोवी सुरी

१९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या एका वाळवंटावर, नॅचेझ गावाजवळ, दोन गृहस्थांचे पिस्तुलांचे द्वंद्व ठरले होते. ते कोणालाही इजा न होता संपले. परंतु दोघांच्या समर्थकांत मारामारी जुंपली. तीत जेम्स बोवी हा गोळ्या आणि वार झेलूनही उभा राहिला आणि आपल्या मोठ्या सुरीने त्याने प्रतिस्पर्ध्याला ठार केले. वर्तमानपत्रांनी ही हकीकत देशभर नेली आणि 'बोवी सुरी' हा शब्द जन्माला आला.

ती सुरी होती तरी कशी? जेम्सचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये लिहिलेल्या पत्रात तिचे वर्णन केले आहे. ती शिकारीसाठी करवून घेतलेली होती. पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, सरळ आणि एकाच बाजूने धार असलेले. थोडक्यात, मोठी साधी सुरी! आज चित्रांत दिसणारी वाकड्या टोकाची, आडव्या मुठीची भपकेदार 'बोवी' ही नंतरची निर्मिती आहे. नाव गाजले, मागणी वाढली, आणि इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखानदारांनी अमेरिकेच्या बाजारासाठी अशा सुऱ्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या. कित्येक पात्यांवर ते घोषवाक्येही कोरत. 'देशभक्ताचा स्वसंरक्षक' हे त्यांतलेच एक. पात्यावर शब्द कोरून सुरी खपवण्याची ही युक्ती लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

नावामागोमाग कायदाही आला. १८३७ मध्ये अलाबामा राज्याने प्रत्येक बोवी सुरीच्या विक्रीवर १०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी ही रक्कम जवळजवळ बंदीसारखीच होती. १८३८ मध्ये टेनेसीने बोवी सुरी, 'आर्कान्सा टूथपिक' नावाचा लांब खंजीर आणि आकाराने त्यांच्यासारखे दिसणारे कोणतेही हत्यार विकण्यास मनाई केली. 'सारखे दिसणारे' हे शब्द येताच अडचण सुरू झाली. १८४४ मध्ये त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात आरोपीजवळची सुरी बोवी होती की नव्हती, यावर साक्षीदारांचेच एकमत होईना. ज्या वस्तूची नेमकी व्याख्या नाही, तिच्यासारखी दुसरी वस्तू ओळखायची तरी कशी?

'ठार मारणारे खेळणे'

शंभर वर्षांनंतर अमेरिकेतच दुसरे नाव गाजले. मुठीवरचे बटन दाबले की स्प्रिंगच्या जोराने पाते बाहेर येते, अशा चाकूला तिकडे 'स्विचब्लेड' म्हणतात. आपण त्याला बटनाचा चाकू म्हणू. नोव्हेंबर १९५० मध्ये महिलांच्या एका लोकप्रिय मासिकात त्याच्यावर लेख आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता 'ठार मारणारे खेळणे'. तरुण पोरांच्या टोळ्यांची धास्ती तेव्हा शहरांतून होतीच. पुढे 'रिबेल विदाउट अ कॉज' (१९५५) आणि 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटांत हा चाकू दिसला आणि तो गुंडपणाची खूणच होऊन बसला. न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये त्यावर बंदी घातली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्याची आयात आणि राज्याराज्यांतील व्यापार बंद केला. ब्रिटनने १९५९ मध्ये तसाच कायदा केला.

येथे थोडा यंत्रशास्त्राचा विचार करू. स्प्रिंगमुळे पाते उघडण्याचा वेळ कमी होतो, एवढाच या चाकूचा विशेष. एकदा उघडल्यावर तो तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या कोणत्याही चाकूसारखाच असतो. उलट, मिटणाऱ्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये एक खीळ असते आणि तीच त्याची कमकुवत जागा असते. स्वयंपाकाच्या सुरीचे पाते मुठीत पक्के बसवलेले असते. मजबुतीच्या दृष्टीने तीच वरचढ ठरते. स्प्रिंगची खरी करामत वेगळीच आहे. पाते खटकन बाहेर येते तेव्हा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. धमकावण्यासाठी तो खटका उपयोगी पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. कायद्याला अपवादही ठेवावा लागला. एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा असा चाकू बाळगण्याची मुभा १९५८ च्या त्या कायद्यात आहे, कारण त्याच्यासाठी ती गरजेची वस्तू आहे.

नावावरून कायदा केला की काय घडते, याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये मिळते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छत्रीधारी सैनिकांना एक चाकू दिला जात असे. त्याची मूठ खाली धरली की पाते स्वतःच्या वजनाने बाहेर घसरे. त्याला 'ग्रॅव्हिटी नाइफ', म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा चाकू, असे नाव पडले. न्यूयॉर्कच्या बंदीत गुरुत्वाकर्षणाबरोबरच 'केंद्रोत्सारी प्रेरणेने' उघडणारे चाकूही आले. आता कोणताही मिटणारा चाकू जोराने मनगट झटकून उघडता येतो का, हे चाकूच्या बनावटीवर जितके अवलंबून आहे तितकेच झटकणाऱ्याच्या मनगटावरही! परिणामी सुतार, वायरमन, रंगमंचावरचे कामगार असे लोक साध्या दुकानात विकत घेतलेल्या चाकूंसाठी पकडले जाऊ लागले. २०१९ मध्ये एका केंद्रीय न्यायालयाने हा निकष एका कामगाराच्या खटल्यापुरता घटनाबाह्य संदिग्ध ठरवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने ही बंदी रद्द केली. विज्ञानाच्या शिक्षकांना यातला दोष लगेच दिसेल. ज्या चाचणीचा निकाल चाचणी घेणाऱ्यावर अवलंबून असतो, तिला मापन म्हणत नाहीत.

पात्यावरचे शब्द

८ डिसेंबर १९९५ रोजी लंडनमध्ये फिलिप लॉरेन्स हे मुख्याध्यापक शाळेच्या फाटकाबाहेर मारहाण होत असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला वाचवायला धावले. तेथे त्यांच्यावर चाकूचा वार झाला आणि त्यांचा मृत्यू झाला. मारणारा पंधरा वर्षांचा होता. साऱ्या ब्रिटनला याचा धक्का बसला. १९९६ च्या कायद्याने शाळेच्या आवारात पाते बाळगणे आणि सोळा वर्षांखालील मुलांना सुऱ्या विकणे हे गुन्हे ठरले. १९९७ मध्ये आणखी एक कायदा आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अपूर्व आहे.

या कायद्यात सुरीचा आकार, लांबी, धार यांचा विचारच नाही. सुरी 'लढाईला योग्य' आहे असे सुचवून, किंवा हिंसेला चेतवेल अशा रीतीने ती बाजारात आणणे, हा गुन्हा आहे. ही सूचना सुरीला दिलेल्या नावातून, वेष्टनावरच्या मजकुरातून किंवा जाहिरातीतूनही होऊ शकते, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणजे तेच पाते 'शिकारी सुरी' म्हणून विकले तर चालेल. माणूस मारण्याचे सूचन करणारे नाव देऊन विकले, तर विक्रेता गुन्हेगार!

काही वर्षांनी 'झोम्बी सुरी' आली. झोम्बी म्हणजे भयपटांतली चालती प्रेते. त्यांना मारण्यासाठी म्हणून भडक रंगांची, करवती कडांची, मोठाली पाती विकली जाऊ लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांवर बंदी आली. व्याख्येत तीन अटी होत्या: कापणारी धार, करवती कड, आणि पात्यावर किंवा मुठीवर हिंसा सुचवणारे शब्द अथवा चित्रे. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच बंदी. मग विक्रेत्यांनी काय केले असेल? वाचकांनी ओळखलेच असेल. त्यांनी शब्द आणि चित्रे काढून टाकली. पोलाद तेच, आकार तोच, फक्त अक्षरे गेली आणि सुरी कायदेशीर झाली.

ही पळवाट बुजवायला आठ वर्षे लागली. २४ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या व्याख्येत शब्दांची अट राहिली नाही. आठ इंचांहून लांब पाते, साधी धार, तीक्ष्ण टोक, आणि त्याशिवाय करवती कड, काटे, एकाहून अधिक भोके किंवा दोनांहून अधिक टोके यांपैकी काही तरी, असे आता पाहिले जाते. १ ऑगस्ट २०२५ पासून 'निंजा तलवारी'ही बंद झाल्या. तेथेही नाव लोकांच्या तोंडचे असले, तरी व्याख्या पात्याच्या लांबीवर आणि टोकाच्या आकारावर बेतलेली आहे. शब्दाकडून मोजता येणाऱ्या गुणाकडे झालेला हा प्रवास आहे.

पाते नेमके काय करते?

नाव बाजूला ठेवले तर पात्याचा धोका कशात असतो? उत्तर आठवीच्या पुस्तकातच आहे: दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. न तासलेल्या पेन्सिलीचा व्यास ७ मिलिमीटर धरला, तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मिलिमीटर भरते. तासल्यावर टोकाचा व्यास अर्धा मिलिमीटर उरतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर. हाताचा जोर तेवढाच ठेवला तरी दाब १९६ पट होतो. व्यास चौदा पट कमी झाला, म्हणून दाब चौदाच्या वर्गाइतका वाढला.

सुरीच्या टोकालाही हेच लागू आहे. न्यायवैद्यक तज्ज्ञ बर्नार्ड नाइट यांनी १९७० च्या दशकात भोसकल्याच्या जखमांमागील बलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, खोल जखम होण्यात सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे टोकाची तीक्ष्णता. दुसरी, शरीराचा खरा विरोध कपडे आणि त्वचा यांचा असतो. त्वचा एकदा भेदली गेली की पुढे फारसा जोर लागत नाही. म्हणूनच 'मला इतका खोल वार करायचा नव्हता' असे आरोपी म्हणतो, तेव्हा ते नेहमीच खोटे नसते.

आता वर उल्लेखिलेल्या गुणांकडे पुन्हा पाहा. भडक रंग, करवती कड, पात्यातली भोके, खटका, पात्यावरचे शब्द यांपैकी कशाचाही टोकावरच्या दाबाशी संबंध नाही. स्वयंपाकघरातल्या लांब, टोकदार सुरीत मात्र सारे आवश्यक गुण एकत्र आलेले असतात: तीक्ष्ण टोक, पुरेशी लांबी, पक्की मूठ. शिवाय ती नेहमी हाताशी असते.

ही गोष्ट काहींना फार पूर्वी उमगली होती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६९ मध्ये जेवणाच्या टेबलावरील सुऱ्यांची टोके गोल करण्याचा हुकूम काढला. आज जेवणाच्या सुऱ्या बोथट टोकाच्या असतात त्यामागे हीच परंपरा आहे. २००५ मध्ये लंडनमधील तीन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तोच धागा पुढे नेला. त्यांनी दहा आचाऱ्यांना विचारले, की लांब सुरीला टोक लागतेच का? एकानेही ते अत्यावश्यक असल्याचे सांगितले नाही. कापण्याचे काम धार करते, टोक नव्हे. २०२० च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरच्या पोलिसांनी घरगुती हिंसेला बळी पडलेल्या काही कुटुंबांना गोल टोकाच्या सुऱ्या दिल्या, त्यामागेही हाच विचार होता. ज्या सुरीला कोणतेही भयंकर नाव नाही, तिच्याविरुद्ध केलेली ही दुर्मीळ उपाययोजना होय.

आकडे आणि त्यांचा अर्थ

इंग्लंड आणि वेल्सचे सांख्यिकी कार्यालय अलीकडच्या वर्षांत खुनात वापरलेल्या सुरीचा प्रकारही नोंदवते. या नोंदींत स्वयंपाकाची सुरी पहिल्या क्रमांकावर येते. झोम्बी सुरी, मॅशेटी नावाचे लांब कोयते असे प्रकार तिच्या फार मागे राहतात.

मग झोम्बी सुरीची भीती निराधार म्हणायची काय? इथे घाई करू नये. स्वयंपाकाची सुरी जवळपास प्रत्येक घरात असते. झोम्बी सुरी थोड्यांकडेच. एक काल्पनिक गाव घेऊ. तेथे स्वयंपाकाच्या १,००,००० सुऱ्या आहेत आणि त्यांनी २० खून झाले. झोम्बी सुऱ्या १०० आहेत आणि त्यांनी २ खून झाले. दर सुरीमागे पाहिले, तर स्वयंपाकाच्या सुरीचे प्रमाण ५,००० त एक, तर झोम्बी सुरीचे ५० त एक. प्रत्येक झोम्बी सुरी शंभरपट धोक्याची ठरली. पण त्या सगळ्या जप्त केल्या, तरी बावीसपैकी दोनच जीव वाचतील, आणि तेही खुन्याने दुसरी सुरी उचलली नाही तर!

म्हणजे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. रस्त्यात अमुक वस्तू घेऊन उभा असलेला माणूस किती धोक्याचा, हा एक. एकूण मृत्यू कमी करायचे तर लक्ष कुठे द्यावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की वृत्तपत्रांची हेडलाइन तयार होते. दुसऱ्याचे पहिल्याला लावले की 'सुरीला नाव काय दिले याने काय फरक पडतो' असा बेफिकीर निष्कर्ष निघतो. दोन्ही चूक.

दर सुरीमागे प्रमाण जास्त का असावे, याचा विचार केला की नावाचे खरे काम ध्यानात येते. माणूस मारण्याचे सूचन करणारी सुरी कांदा चिरण्यासाठी कोणी घेत नाही. नाव पोलाद बदलत नाही, पण गिऱ्हाईक निवडते.

मन भीती कशी मोजते

१९७३ मध्ये एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी दाखवून दिले, की एखादी घटना किती वारंवार घडते हे माणूस ती किती सहज आठवते यावरून ठरवतो. सिनेमातला चाकू चटकन आठवतो. घरात बंद दाराआड झालेली हिंसा आठवत नाही, कारण ती आपण पाहिलेलीच नसते. १९८७ मध्ये पॉल स्लोविक यांनी धोक्याच्या समजुतींचा आढावा घेताना दाखवले, की सामान्य माणूस केवळ मृत्यूंची संख्या मोजत नाही. धोका किती भयप्रद वाटतो आणि किती अपरिचित वाटतो, या दोन मोजपट्ट्यांवर तो त्याला बसवतो. विळी परिचित आहे; 'झोम्बी' किंवा 'निंजा' हे शब्द अपरिचित आणि भयप्रद दोन्ही आहेत.

नाव ऐकून हिंसा करण्याची इच्छा वाढते का? याचे उत्तर तितके सरळ नाही. १९६७ मध्ये लिओनार्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लपाज यांनी एक प्रयोग केला. आधी चिडवलेल्या विद्यार्थ्यांना समोरच्याला विजेचे सौम्य धक्के देण्याची संधी दिली. टेबलावर बंदूक आणि पिस्तूल पडलेले असताना त्यांनी अधिक धक्के दिले. बॅडमिंटनच्या रॅकेटी असताना कमी. नुसत्या हत्याराच्या दर्शनाने आक्रमकता वाढते, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. पुढे इतरांनी प्रयोग करून पाहिले; काहींना तोच परिणाम दिसला, काहींना दिसला नाही. तेव्हा नाव माणसाला हिंसक बनवते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा इथे नाही. आधीच तिकडे कललेल्या माणसाला ते आकर्षित करते, हे म्हणणे अधिक सुरक्षित.

रामपुरी आणि कोयता

हत्यारांना धाक वाटेल अशी नावे देण्यात आपणही मागे नाही. वाघनख आणि विंचवाच्या नांगीवरून आलेला बिचवा ही जुनी उदाहरणे आहेतच. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांचा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांनी असा गाजवला, की 'रामपुरी' हे गावाचे विशेषण न राहता हत्याराचे नामच झाले. साडेचार इंचांहून लांब पात्यांवर त्या राज्यात निर्बंध आल्यावर तो धंदा आटला. पण २०२३ मध्ये त्याच शहराच्या चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकू स्मारकासारखा उभा करण्यात आला. जे नाव इतरांना धाकाचे, ते कारागिरांना अभिमानाचे!

'कोयता' या शब्दाचा प्रवास तर डोळ्यांदेखत झाला. बीडकडच्या ऊसतोड मजुरांत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. एकटा मजूर असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणजे तेथे हा शब्द कष्टाचे एकक आहे. २०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या वृत्तपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला आणि अवजाराचे नाव दहशतीचे झाले. कोयता विकत घेणाऱ्याची ओळख दुकानदाराने नोंदवावी, अशा सूचनाही निघाल्या. वस्तू तीच आहे; फडात आणि भर रस्त्यात तिचा अर्थ निराळा आहे.

आपल्या शस्त्रनियमांनी या बाबतीत व्यवहारी मार्ग धरला आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात; मात्र घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. म्हणजे माप आणि प्रयोजन असे दोन निकष. माप पट्टीने ठरते. प्रयोजन मात्र वस्तूवर लिहिलेले नसते. ते माणसाकडे, वेळेकडे आणि जागेकडे पाहून ठरवावे लागते, आणि तेथे न्यायाधीशालाही विवेकाखेरीज दुसरे साधन नाही.

शाळेत हा प्रश्न कधी तरी प्रत्यक्ष समोर येतो. एखाद्या दप्तरात काही सापडते. ते कंपासमधले ब्लेड असेल, पेरू कापायची सुरी असेल किंवा जत्रेत घेतलेला खटक्याचा चाकू असेल. वस्तूच्या नावावरून निकाल देण्याचा मोह अशा वेळी होतो. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. वस्तू काय करू शकते? ती इथे का आणली? आणि आणणारे मूल कोणाला घाबरते आहे का? पुष्कळदा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. सुरी काढून घेतली तरी भीती दप्तरातच राहते.

वर्गात करून पाहण्यासारखे

पहिला प्रयोग दाबाचा. मळलेल्या ओल्या मातीचा सपाट गोळा घ्या. न तासलेली पेन्सिल त्यावर उभी धरा आणि वर ५०० ग्रॅमचे वजन अलगद टेकवा. किती मिलिमीटर आत गेली ते मोजा. मग तासलेली पेन्सिल घेऊन तेच करा. शेवटी टोक कागदावर घासून थोडे गोल करा आणि पुन्हा मोजा. गोलाईने किती फरक पडतो, हे मुलांनीच सांगावे. खरी सुरी वर्गात आणण्याची गरज नाही.

दुसरा प्रयोग नावाचा. एका मिटणाऱ्या चाकूचे साधे रेखाचित्र काढून त्याच्या प्रती करा. अर्ध्या प्रतींखाली 'माळीकामाचा चाकू' आणि उरलेल्यांखाली 'रामपुरी' असे लिहा. प्रती नीट पिसून वाटा, म्हणजे कोणाला कोणती मिळेल हे केवळ योगायोगाने ठरेल. शेजाऱ्याची प्रत पाहू देऊ नका. 'ही वस्तू किती धोक्याची वाटते?' याला १ ते १० असे गुण द्यायला सांगा. दोन्ही गटांची सरासरी फळ्यावर काढा. चित्र एकच आहे हे त्यानंतर उघड करा आणि फरक कुठून आला यावर चर्चा होऊ द्या.

दुसऱ्या प्रयोगात प्रत्येक गटात निदान वीस मुले असावीत. संख्या लहान असेल तर दोन वर्गांचे आकडे एकत्र करावेत. सरासरीत फरक दिसला नाही, तर तोही निष्कर्षच आहे. तो तसाच नोंदवून ठेवावा आणि पुढच्या वर्षीच्या वर्गावर प्रयोग पुन्हा करून पाहावा.